ताडाच्या कुंपणांचा कायदा

उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याच्या गल्ल्यांतून चालताना घरं दिसतच नाहीत, दिसतात ती कुंपणं. ताडाची सुकलेली पानं एकावर एक दाबून बांधलेली, माणसाच्या डोक्याहून उंच. हल्ली कुठे कुठे त्यांच्या जागी पत्रे किंवा सिमेंटच्या भिंती आल्या आहेत. नल्लूरच्या कंदस्वामी मंदिरामागे मी उतरले होते. तिथल्या अक्कांना सहज विचारलं, घर सासरचं का? त्या म्हणाल्या, "छे, माझ्या अम्माचं. त्याआधी तिच्या अम्माचं. माझे भाऊ लग्न करून बायकांच्या घरी राहायला गेले. इथं तसंच असतं."

इथं तसंच का असतं, हे मी बरोबर आणलेल्या एका जाड ग्रंथात वाचत होते. जाफन्यातल्या तमिळांच्या कायद्यावर आणि चालीरीतींवरचा हा ग्रंथ हेन्री विजयकोन तंबैया यांचा. जन्म १९०६, मृत्यू १९९७. वकील, कायद्याचे अभ्यासक, सिलोनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि पुढे कॅनडातले श्रीलंकेचे उच्चायुक्त. मला मात्र या सगळ्या पदांपेक्षा त्यांचा हा ग्रंथ मोठा वाटतो. कुंपणाआडच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जे चालत आलं, ते न्यायालयात टिकेल अशा नेमकेपणानं त्यांनी मांडून ठेवलं.

या कायद्याचं नाव तेसवळमै, म्हणजे देशाची वहिवाट. त्यात मालमत्तेचे तीन भाग आहेत. वडिलार्जित ती मुदुसम्, मुलीला लग्नात दिलेली ती सीदनम्, आणि लग्नानंतर नवराबायकोनं कमावलेली ती तेडियतेट्टम्. पूर्वी वडिलांकडचं मुलांकडे जाई आणि आईचं सीदनम् मुलींकडे. अक्कांचं घर आईकडून लेकीकडे येत राहिलं, त्याचं मूळ इथे आहे. मलबारातल्या मातृवंशीय चालींशी याचं नातं अभ्यासकांनी जोडलं आहे, आणि तंबैयांच्या ग्रंथात तो धागा फार कसोशीनं तपासलेला दिसतो. वोट्टी नावाचं ताबेगहाणही आहे. त्यात सावकार व्याज घेत नाही, जमिनीचं उत्पन्न खातो. शेजारच्या हद्दीत झुकलेल्या झाडाची फळं कोणाची, यालाही नियम आहेत. बारमाही नदी नसलेल्या या द्वीपकल्पात एकेका झाडाची किंमत काय असेल, ते त्या कलमांवरून कळतं.

दुपारी किल्ल्यावर गेले. पोर्तुगिजांनी १६१९ मध्ये जाफना जिंकलं आणि इथला शेवटचा राजा संगिली याला गोव्याला नेऊन देहदंड दिला. १६५८ मध्ये डच आले आणि त्यांनी किल्ल्याला आजचा पंचकोनी आकार दिला. तटाच्या दगडात प्रवाळाची बारीक बारीक भोकं स्पष्ट दिसतात, हात फिरवला की तळव्याला टोचतात. आत १७०६ मध्ये डचांनी क्रूसाच्या आकाराचं मोठं चर्च बांधलं होतं. यादवी युद्धात ते पडलं, आता तिथं दगडांचे ढीग आहेत.

चर्च उभं राहत होतं त्याच सुमारास, गव्हर्नर सिमन्सच्या हुकमानं, क्लास इसाक्स नावाचा डच अधिकारी इथल्या चालीरीती लिहून काढत होता. जानेवारी १७०७ मध्ये त्यानं ते काम पुरं केलं. मग त्याचं तमिळ भाषांतर बारा मुदलियारांपुढे, म्हणजे स्थानिक मानकऱ्यांपुढे, ठेवण्यात आलं आणि त्यांनी ते तपासलं. १८०६ मध्ये इंग्रजांनी त्याला कायद्याचं बळ दिलं. आपल्याकडे पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनच्या सरकारनं आर्थर स्टीलकडून दख्खनमधल्या जातीजातींच्या रूढी लिहवून घेतल्या. जाफन्यात ते काम त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी झालं होतं.

तेसवळमैच्या त्या संहितेत गुलामांवरचीही कलमं आहेत. बारा मुदलियार जमीनजुमलेवाले होते, आणि ज्यांना राबवलं जात होतं त्या पळ्ळर-नळवर जातींच्या लोकांचं मत कोणी घेतलं नाही. सिलोनमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८४४ मध्ये. वहिवाट लिहिली जाते तेव्हा ती कोणाच्या तोंडून लिहिली जाते, हे पाहिलंच पाहिजे. आजही या कायद्याखालच्या विवाहित स्त्रीला स्वतःची जमीन विकायची तर नवऱ्याची लेखी संमती लागते. १९११ च्या अध्यादेशातली ही अट आहे, आणि ती रद्द करा असं तिथल्या स्त्रिया वर्षानुवर्षं म्हणताहेत. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. आईचं घर लेकीला देणाऱ्या कायद्यात ही अट शोभत नाही.

किल्ल्यापासून सार्वजनिक ग्रंथालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पांढरं, घुमटांचं. १९८१ च्या मे महिन्याच्या अखेरच्या रात्री ते जाळलं गेलं, सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि कितीतरी ताडपत्रं गेली. नव्यानं उभारलेल्या वाचनालयात शाळकरी मुली वह्या उघडून बसल्या होत्या. पायऱ्यांवर उभी असताना तंबैयांच्या कामाची खरी किंमत मला उमगली. ज्या गावाचे कागदच जळतात, तिथं कोणीतरी ते आधी बारकाईनं वाचून, निवाड्यांशी ताडून छापून ठेवलेलं असणं, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

परतीला याळ देवी गाडीनं कोलंबोला आले. युद्धानं बंद पडलेली ही गाडी २०१४ मध्ये पुन्हा जाफन्यापर्यंत धावू लागली. कोलंबोत हल्फ्ट्सडॉर्पच्या न्यायालयांच्या भागात काळ्या कोटांच्या गर्दीतून मुद्दाम चक्कर मारली. तंबैयांची न्यायमूर्तीची कारकीर्द याच शहरातली. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली आणि दोन समाजांतली दरी रुंदावत गेली. त्यानंतर बारा वर्षांनी, १९६८ मध्ये, या तमिळ न्यायमूर्तींनी सिंहली समाजाच्या कायद्यांवर आणि चालीरीतींवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. कँडीच्या सिंहली परंपरेत बायको नवऱ्याच्या घरी जाते ते दीग लग्न, नवरा बायकोच्या घरी येतो ते बिन्न. जाफन्याच्या अक्कांचे भाऊ आणि कँडीचा बिन्न जावई यांच्यातलं साम्य त्यांच्यासारख्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. राजकारण माणसं वेगळी काढत होतं, आणि तंबैया शेजाऱ्याचं घर तितक्याच आस्थेनं वाचत होते.

उच्चायुक्त म्हणून ते ज्या कॅनडात गेले, तिथंच १९८३ च्या तमिळविरोधी हिंसाचारानंतर हजारो जाफनाकर तमिळ स्थायिक झाले. टोरांटोजवळच्या स्कारबरोत आता त्यांची तिसरी पिढी वाढते आहे. पण त्यांच्यापैकी कोणाला नल्लूरची सामाईक जमीन परक्याला विकायची असेल, तर आधी सहहिस्सेदारांना विचारावं लागतं. अग्रहक्काचा हा नियम जमिनीला चिकटलेला आहे, मालक कुठेही राहो.