सासूबाईंचं इन्सुलिन आणि कालुंडबोर्ग

धाकटे भावजी कोपनहेगनला नोकरीला आहेत. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो. राजवाडे, कालवे, बागा सगळं झालं, पण मला ओढ होती कालुंडबोर्गची. "वहिनी, तिथं काय बघणार?" भावजी हसले.

त्यांना काय सांगू! गेली बारा वर्षं सासूबाईंना रोज इन्सुलिन टोचते ती मीच. सासूबाई कडक शाकाहारी. "हे कशापासून करतात गं?" असं त्यांनी एकदा विचारलं आणि मी चटकन विषय बदलला. इन्सुलिन डुकरापासून काढतात, असं कुठंसं वाचलं होतं ना!

आगगाडीनं दीड-पावणेदोन तासांत पोचलो. गाव खाडीकाठचं, चिमुकलं. लाल विटांचं, पाच मनोऱ्यांचं जुनं चर्च फार देखणं. आणि गावाबाहेर तो अवाढव्य कारखाना! आत काही जाता आलं नाही, पण बाहेरूनच भावजींनी सगळी हकिकत सांगितली.

ऑगस्ट क्रोघ हे नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर, आणि त्यांनाच मधुमेह. 1922 मध्ये दोघं अमेरिकेला गेली, तेव्हा कॅनडात नुकत्याच निघालेल्या या औषधाची चौकशी करायचा आग्रह मारीबाईंचाच. टोरांटोहून परवानगी घेऊन आली आणि 1923 मध्ये डेन्मार्कात इन्सुलिन तयार होऊ लागलं. देश लोण्याचा आणि डुकराच्या मांसाचा निर्यातदार. कत्तलखान्यातली स्वादुपिंडं हवी तेवढी! पुढं तिथून बाहेर पडलेल्या दोन भावांनी दुसरी कंपनी काढली. दोन्ही कंपन्या साठ-पासष्ट वर्षं एकमेकींशी चढाओढ करत राहिल्या आणि 1989 मध्ये एक झाल्या. आमच्याकडच्या भाऊबंदकीत असं कधी घडायचं!

पण मला हवं होतं ते पुढंच. 1980 च्या दशकात डुकरं मागे पडली. पाव फुगवायला घालतो ना, त्याच यीस्टच्या पेशीत माणसाच्या इन्सुलिनचा जनुक बसवतात. मोठमोठ्या टाक्यांत यीस्ट वाढतं, इन्सुलिन तयार करतं, मग ते गाळून शुद्ध करतात. उरलेलं यीस्ट आसपासचे शेतकरी डुकरांना घालू लागले. म्हणजे फेड झालीच म्हणायची!

रात्री घाईनं घरी फोन लावला. "आई, तुमच्या इन्सुलिनात डुक्कर नाही हो!"

"अगं, ते मला डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलंय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि असतं तरी घेतलं असतं. नातवाची मुंज बघायचीय ना मला!"