जुळ्यांचे लंगोट

आमच्या घरीं २०१९ सालच्या आषाढांत जुळीं जन्मास आलीं. एक मुलगा व एक मुलगी. त्या वर्षीं पुण्यास पाऊस असा लागून राहिला होता कीं, दांडीवर टाकलेला साधा पंचाहि दोन दिवस दमट राही. अशा दिवसांत घरांत एक वाद उपस्थित झाला. तो ऐकून कित्येक वाचकभगिनींस हसूं येईल. परंतु ज्यांनीं एकाच वेळीं दोन अर्भकें सांभाळलीं आहेत, त्या खचित हसणार नाहींत. वाद होता लंगोटांचा.

सासूबाईंनीं कै. मामंजींचीं जुनीं धोतरें फाडून पांच डझन त्रिकोणी लंगोट शिवून ठेविले होते. नव्या कापडास खळ असते. धुऊन धुऊन मऊ झालेलें सूत बाळाच्या अंगास बोचत नाहीं, हें त्यांचें शास्त्र. आणि तें खोटें नव्हे. माझ्या आईचें म्हणणें उलट. "एक बाळंतीण आणि दोन पोरें! डायपर आणा नि सुटा एकदांच्या," असें ती स्पष्ट बोले. दोघींनाहि माझें हितच हवें होतें, आणि म्हणूनच कोणाचेंच मन मोडवत नव्हतें.

पहिल्या आठवड्यांत मीं सहज मोजदाद केली, तों दिवसाकाठीं चौतीस लंगोट भरले. एकूण लंगोट साठ, आणि वाळावयास दोन दिवस! हिशेब जमणार कसा? सासूबाई शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून त्यावर एकेक लंगोट शेकीत बसत.

एके रात्रीं तीनच्या सुमारास मुलीस पाजून उठलें, तों मोरींत दिवा दिसला. सासूबाई पाटावर बसून थंड पाण्यांत लंगोट पिळीत होत्या. संधिवातानें त्यांचीं बोटें वांकडीं झालेलीं. मला पाहतांच त्या म्हणाल्या, "तूं नीज ग. मला नाहीं तरी झोंप येत नाहीं." मला पुढें बोलवेना. सकाळ होतांच मीं यजमानांस डायपर आणावयास धाडलें. सासूबाई दोन दिवस माझ्याशीं बोलल्या नाहींत.

सुख झालें, पण तें निर्भेळ नव्हतें. डायपरच्या पोटांत सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नांवाची भुकटी असते; ओल लागतांच ती फुगून जेलीसारखी होते व वरचा थर कोरडा राहतो. या कोरडेपणामुळेंच तो बदलण्याचें भान सुटतें. मुलीच्या जांघेंत पुरळ उठलें, तें माझें भान सुटल्यामुळें. दुसरी गोष्ट याहून अधिक लागली. कचरा नेणाऱ्या मावशी एके दिवशीं जिन्यांत आमची पिशवी उघडून, हातांनीं एकेक वस्तु निवडीत होत्या. "ताई, हे कागदांत गुंडाळा नि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हांला उघडून बघावं लागत नाहीं," त्या शांतपणें म्हणाल्या. पुण्यांतील कचरावेचक स्त्रियांनीं या लाल ठिपक्यासाठीं मोहीमच चालविली होती, हें मला तोंवर ठाऊक नव्हतें. सासूबाईंचे हात मीं वांचविले होते, ते मावशींचे हात पुढें करून!

इंग्लंडमधील सरकारी पर्यावरण संस्थेचा २००८ सालचा एक अहवाल मग मीं वाचला. वातावरणास होणाऱ्या अपायाच्या दृष्टीनें कापड व डायपर यांत सरासरीनें फारसें अंतर नाहीं. सारें धुण्याच्या रीतीवर अवलंबून. यंत्र पूर्ण भरून धुतलें, उघड्यावर वाळविलें आणि तेंच कापड पुढच्या भावंडास वापरलें, तर कापड पुष्कळच सरस ठरतें. जुळ्यांच्या घरीं यंत्र अर्धें राहण्याची भीति ती कसली!

अखेर दिवसा कापड, आणि रात्रीं व मुसळधार पावसांत डायपर, असें ठरलें. धुणें यजमानांकडे गेलें, आणि लाल ठिपका काढण्याचें काम माझ्याकडे. हें ऐकून सासूबाई म्हणाल्या, "पुरुषानें लंगोट धुवावे?" पण दुसऱ्याच दिवशीं त्या लेकाच्या पाठीशीं उभ्या राहून सांगत होत्या, "अरे, आधीं गार पाण्यांत. ऊन पाण्यानें डाग बसतो."

पावसानें त्या वर्षीं दिवाळीपर्यंत पाठ सोडली नाहीं. मार्गशीर्षांत लख्ख ऊन पडलें, तेव्हां कोठें लंगोट दोन तासांत खडखडीत वाळूं लागले. आतां मुलें शाळेंत जातात. त्या लंगोटांपैकीं कांहींनीं यजमान स्कूटर पुसतात. एकास मात्र मामंजींच्या धोतराचा तांबडा कांठ राहिला आहे; तो सासूबाईंनीं आपल्या पेटींत ठेविला आहे.