दहा पावलं

“दहा पावलं चालून दाखवा.” दाखवली. “अहो, छान तर चालताय की!” असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हाक मारली. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीची माझी तपासणी तेवढ्यात उरकली. आठवलं की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, एमएस. आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते आणि मेंदूचे निरोप वाटेत अडखळतात. माझं डोळ्यापासून सुरू झालं; मग एमआरआय, स्टेरॉइडची सलाइन, ते सगळं बहुतेकांचं सारखंच.

त्या दिवशी आत गेले तेव्हा सकाळ होती, खोलीत एसी होता, रात्री झोप झाली होती. अशा वेळी मी चालतेच. नंतर कागदावर शिक्का घ्यायला बाहेर पत्र्याखाली रांग, तीही मे महिन्यात. उष्णतेने एमएसचा त्रास वाढतो. श्रमानंतर एमएसच्या रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1890 मध्येच नोंदवलं होतं; त्यामागे उष्णता असते, हे नंतर कळलं. अंगातली उष्णता अर्धा अंश वाढली तरी पुरते. आधी डावा पाय जड झाला. मग चप्पल निसटली आणि मला कळलंच नाही, मागच्या बाईंनी सांगितलं. रिक्षावाल्याने दंडाला धरून आत बसवलं. हे बघायला तपासणी करणाऱ्या मंडळातलं कुणीच नव्हतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एमएसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. पण दहा पावलांत थकवा दिसणार कसा?

त्यानंतर कितीतरी दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. येईल तो म्हणे, मन खंबीर ठेव. मला त्या शब्दाची चीड यायची. एमएसमध्ये नैराश्य खूप जणांना येतं आणि त्यात मेंदूतल्या आजाराचाही वाटा असतो, हे न्यूरॉलॉजिस्टांनी सांगितलं तेव्हा कुठे वाटलं, आपण कमकुवत नाही. म्हणून घरच्यांना माझं सांगणं आहे, धीर द्यायच्या आधी औषधोपचाराचं आणि समुपदेशनाचं बघा.

समुपदेशक बाईंनी मोठमोठं काही सांगितलं नाही. कोणत्या वेळी काय जमतं, एवढं वहीत लिहायला लावलं. आता कणीक सकाळीच मळून ठेवते, भाजी रात्री हे चिरून देतात, दुपारी पंख्याखाली आडवी होते आणि कुणाला कारण सांगत बसत नाही. एमएस असलेल्या इतरांशी फोनवर बोलते. तिथे थकवा सिद्ध करावा लागत नाही.

आणि तरी, मानेवर ओला पंचा ठेवता ठेवता सासूबाई “खंबीर राहा गं” म्हणतात, तेव्हा बरं वाटतं. तोच शब्द, पण हात थंड असतो त्यांचा.

समुपदेशक बाई म्हणतात, त्या तपासणीचा राग आता सोडून द्या. तेवढं मात्र मी ऐकणार नाही. पुन्हा अर्ज केला आहे, आणि या खेपेला थकवा, उष्णता, जिने, सगळं न्यूरॉलॉजिस्टांकडून लिहून घेतलं आहे.