परत बसण्याआधी

घोड्यावरून पडल्यावर मला भेटेल त्याने एकच गोष्ट सांगितली. लगेच परत बस, नाहीतर भीती कायमची बसेल. तबेल्यातल्या पोरांनी सांगितलं, हाडांच्या डॉक्टरांकडे बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी काकांनी सांगितलं, वडखळ नाक्यावरच्या ओळखीच्या दुकानदारानेही सांगितलं. आई मात्र म्हणाली, "पुरे झालं आता. एकदा वाचलीस, दुसऱ्यांदा देवाची परीक्षा बघू नकोस." कोणाचं ऐकावं ते कळेना. उजवा हात गळ्यात, आणि रात्री डोळे मिटले की जमीन अंगावर येताना दिसायची.

तिशी ओलांडल्यावर मी घोडेस्वारी शिकायला लागले. आमच्या वडखळला घोडा दिसतो तो वरातीत. एरवी डोलवीच्या कारखान्याचे ट्रेलर आणि गोव्याकडे, अलिबागकडे फुटणारी वाहनं. पण पोयनाडच्या बाजूला, हमरस्ता सोडून आत, एका वाडीत काही घोडे आहेत आणि तिथे हौशी लोकांना शिकवतात. इव्हेंटिंग हा प्रकार मला तिथेच पहिल्यांदा कळला. तोच घोडा, तोच स्वार आणि तीन कसोट्या. ड्रेसाजमध्ये आखलेल्या मैदानात ठरलेल्या चाली करून दाखवायच्या. क्रॉसकंट्रीत मोकळ्या रानातून ओंडके, चर, पाणी ओलांडत दौडायचं. शेवटी शो जंपिंग, म्हणजे धक्का लागला तर खाली पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या. घोडदळाच्या परीक्षेतून हा खेळ आला आणि १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पोचला. यात बायकांचा वेगळा गट नसतो, पुरुषांच्या बरोबरीनेच उतरायचं. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी याच खेळात सुवर्णपदक मिळवलं आणि २०१८ ला जकार्तात फौआद मिर्झाने वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यपदकं. हे ऐकून मी हरखून गेले होते. मी होते अगदी खालच्या पायरीवर, गुडघ्याएवढ्या ओंडक्यापाशी.

हा ओंडका वाडीत आंब्याच्या झाडाखाली आडवा टाकलेला आहे. तिथे येणारी वाट खारजमिनीच्या कडेने येते. मार्चमधलं ऊन, भात कापून रिकामी पडलेली खाचरं, सगळं पांढरंफटक. कुमेत घोडी दुडक्या चालीत छान लयीत होती, कान पुढे, लगाम हलका. ओंडका आला आणि ऐनवेळी तिने चारही पाय रोवले. मी तिच्या मानेवरून पुढे गेले ती थेट खांद्यावर आपटले. कॉलरबोन मोडलं. हेल्मेट बाहेरून धड दिसत होतं. आत बोट घातल्यावर कळलं की कानाच्या वरच्या बाजूचा थर दबून टणक झाला आहे. एकदा असा मार बसला की हेल्मेट टाकूनच द्यायचं असतं, कारण तो थर दुसऱ्यांदा दबत नाही. ते हेल्मेट हातात धरून मी बराच वेळ बसले होते. डोक्याचं काय झालं असतं, हा विचार तेव्हा पहिल्यांदा नीट आला.

हात गळ्यात असताना वाचनच करता येत होतं. वाचत गेले तसतशी आणखी खचत गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मनीचा कोनराड फॉन वांगेनहाइम क्रॉसकंट्रीत पडला, कॉलरबोन मोडलं, तसाच परत चढून त्याने फेरी पुरी केली. दुसऱ्या दिवशी शो जंपिंगमध्ये घोडा त्याच्यासकट कोसळला, तरी तो परत बसला आणि जर्मनीला सांघिक सुवर्ण मिळालं. १९६० ला रोममध्ये ऑस्ट्रेलियाचा बिल रॉयक्रॉफ्ट इस्पितळातून उठून आला, तोही कॉलरबोन मोडलेलाच. १९६४ ला टोकियोत लाना ड्यू पाँट ही ऑलिंपिक इव्हेंटिंगमध्ये उतरलेली पहिली स्त्री. ती दोनदा पडली, दोनदा चढली आणि संघाबरोबर रौप्यपदक घेऊन गेली. माझंही तेच हाड मोडलेलं, आणि मला तबेल्याच्या वासानेसुद्धा पोटात गोळा येत होता. आपल्यात ती धमकच नाही, असं मनाने घेतलं.

मग आजचे नियम वाचले आणि चित्र पालटलं. आता क्रॉसकंट्रीत स्वार पडला की तो बाद. परत चढून पुढे जायचं नाही, डॉक्टरने तपासल्याशिवाय सोडायचं नाही. डोक्याला मार लागलेला माणूस उभा राहतो, बोलतो, मी ठीक आहे म्हणतो, आणि तो ठीक असतोच असं नाही. वांगेनहाइमचं धैर्य खोटं नव्हतं. पण ज्या खेळाने त्याला डोक्यावर घेतलं, त्याच खेळाने अनुभवाने ठरवलं आहे की पडलेल्याला लगेच परत बसवायचं नाही. नाक्यापासून दवाखान्यापर्यंत मिळालेला सल्ला खेळाने स्वतःच मोडीत काढला होता. मला किती हायसं वाटलं! दुसरा एक नियमही मनात राहिला. घोडा अडथळ्यापुढे अडला तर २० दंडगुण, त्याच अडथळ्यावर दुसऱ्यांदा अडला तर आणखी ४०, तिसऱ्यांदा मात्र बाद. म्हणजे घोड्याने नाही म्हणायची सोय नियमातच आहे.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर जूनमध्ये परत गेले. नवं हेल्मेट घातलं, रिकिबीत पाय ठेवला, चढले. घोडी नुसती चालत होती तरी माझे गुडघे आवळलेले, श्वास छातीत अडकलेला. तिने कान मागे घेतले आणि तिरकी सरकायला लागली. घोड्यांची देखभाल करणारे मामा, ज्यांची उमर माथेरानला घोडे धरण्यात गेली, जवळ आले आणि म्हणाले, "उतर पोरी. आज नाय."

मला रडू आलं. मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही. घोडीचा दोर माझ्या हातात दिला आणि आंब्याकडे बोट केलं. "उन्हातना सावलीत आली, तिला लाकूड दिसला नाय. दिसला तवा लय जवळ होता. ती पण भ्याली ना!"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पुढे वाचून पाहिलं, तर मामांचं अक्षर न् अक्षर खरं. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे सभोवार दिसतं, पण कपाळासमोर अगदी जवळचं दिसत नाही. आणि उजेडातून अंधारात आल्यावर त्याची नजर सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. इतके दिवस मी माझ्या आत्मविश्वासाचंच गाणं गात होते. तिचाही गेला होता, आणि तो मीच परत आणायला हवा होता.

सगळा पावसाळा त्यात गेला. रोज खरारा करायचा, खूर साफ करायचे, मग तिला दोराने धरून आंब्याखाली न्यायचं. ऊन पडलं की ऊन-सावलीच्या रेषेवर थांबायचं, तिची नजर बसू द्यायची. ती ओंडका हुंगायची, नाकपुड्या फुरफुरवायची, कधी त्यावरचं शेवाळ ओठांनी चाचपायची. स्वारी पत्र्याच्या शेडखाली, जमिनीवर साडेचार-साडेचार फुटांवर टाकलेल्या दांड्यांवरून. मामांनी मला पावलं मोठ्याने मोजायला लावली. मोजायचं तर श्वास सोडावाच लागतो. श्वास धरला की कंबर ताठते, अंग पुढे झुकतं, घोड्याच्या पुढच्या पायांवर भार येतो आणि त्याला उडी जड जाते. माझी मांड परत बसली ती या मोजण्याने.

त्याच सुमारास फौआद मिर्झाची टोकियो ऑलिंपिकमधली कामगिरी पुन्हा पाहिली. ड्रेसाजनंतर तो नववा होता, शेवटी तेविसावा आला. आधी मला त्यात घसरणच दिसायची. आता क्रॉसकंट्रीचा आकडा दिसला. ११.२० दंडगुण, तेही सगळे वेळेचे. घोडा एकाही अडथळ्यावर अडला नव्हता. मामांना सांगितलं तर म्हणाले, "वेळ गेला तर जाऊं दे."

पेणहून गणपतींचे टेम्पो निघायला लागले तेव्हा आम्ही तो ओंडका चालत ओलांडला. विसर्जनानंतर स्वच्छ ऊन पडलं, त्या आठवड्यात दुडक्या चालीत. सावलीच्या रेषेपाशी तिचा वेग किंचित कमी झाला, मी तो होऊ दिला, मोजत राहिले, आणि ती गेली. उडी कसली, जरा मोठं पाऊलच. खाली आल्यावर तिच्या मानेवर थाप मारताना माझा हात थरथरत होता. भीती गेलेली नाही. पण आता मला ती कुठून येते ते ठाऊक आहे, आणि ती आल्यावर काय करायचं तेही.

आता चराची पाळी आहे. त्यात अजून पाणी आहे आणि ते दुपारी चकाकतं. मामांचं म्हणणं, दिवाळीपर्यंत पाणी आटेल, तोवर थांबू. मी म्हणते, पाणी असतानाच तिला दाखवू, स्पर्धेत चर कोरडाच मिळेल असं नाही. यावर आमचा वाद चालू आहे.