बांबोळीची वही

मालवणात कोणी गाडीवरून पडलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ओरोस की बांबोळी? ओरोस म्हणजे हातपाय, बांबोळी म्हणजे डोकं. मला फोन आला तो ओरोसहून. भावोजींचा मित्र एवढंच म्हणाला, "वैनी, गाडी बांबोळीक सुटली." पुढचं त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

1 मे 1981 ला आमचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला. ओरोसला मुख्यालय आलं, जिल्हा रुग्णालय आलं, आता वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तरी मेंदूला मार म्हटलं की रस्ता दक्षिणेलाच वळतो. कुडाळ, झाराप, सावंतवाडी बाजूला टाकून बांदा, मग पत्रादेवी. तिथे राज्य बदलतं. पुढे म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल आणि चढावर ते भलंमोठं इस्पितळ. गणपतीच्या सामानासाठी म्हापशाला या रस्त्याने कितीदा तरी गेलो असू.

*

श्रावणात गुरं रस्त्यावर का बसतात हे मी शाळेत मुलांना परिसर अभ्यासात शिकवलं आहे. चहूकडे ओलं असतं, डांबर तेवढं कोरडं आणि ऊबदार. रात्री काळा बैल काळ्या रस्त्यावर दिसत नाही. आमचे हे होडीच्या इंजिनाचा पार्ट घेऊन कसालकडून परत येत होते. हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टा लावलेला नव्हता. म्हणजे पडेपर्यंत डोक्यावर होतं.

पोलिसाने जबाबासाठी विचारलं, "कोणावर संशय?" भावोजी म्हणाले, "बैलावर." पोलीस हसला नाही. त्याने लिहिलं, कोणाविरुद्ध तक्रार नाही. ह्यांचा स्वतःचा जबाब राहिला, कारण 'जबाब देण्याच्या स्थितीत आहे' असा डॉक्टरांचा शेरा मिळाल्याशिवाय तो घेता येत नाही. तो शेरा मिळायला बरेच दिवस गेले.

उचललं एका रिक्षावाल्याने. नाव न सांगता गेला. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 134 अ कलम आलं आहे: जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, त्याच्यावर खटलाही नाही. त्याला हे कलम माहीत असेल असं नाही. पूर्वीच्या भीतीनेच गेला असेल.

*

इथे बांबोळीला सगळ्यांच्या तोंडी एक आकडा असतो. "जीसीएस किती?" ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी 1974 साली शुद्धीची ही मोजणी काढली. डोळे उघडण्याला 4, बोलण्याला 5, हालचालीला 6, एकूण 15. व्हरांड्यात नातेवाईक हे आकडे एकमेकांना दहावीच्या निकालासारखे सांगतात. "आमचो काल आठ होतो, आज नऊ." ऐकणाऱ्याचा सात असला की तो गप्प बसतो.

सत्तावीस वर्षं मुलांना गुण देत आले. या परीक्षेत शून्य नाही हे इथे कळलं. कमीत कमी 3. मेलेल्या माणसालाही 3 मिळतात. मला हे सांगणारा शिकाऊ डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. सांगून झाल्यावर बिचारा ओशाळला.

*

सहीबद्दल.

बांबोळीच्या आधी एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) कागद पुढे करणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घरातलं कोण आहे?" मी म्हटलं, मी. "नाही, पुरुष माणूस?" धाकटे दीर पुढे झाले आणि त्यांनी सही केली. त्यांनाही त्यात वावगं वाटलं नाही, मलाही त्या क्षणी वाटलं नाही. कागद पुढे सरकला याचंच बरं वाटलं. राग आला तो झारापच्या पुढे, गाडीत.

नंतर मी पेन पर्समध्येच ठेवायला लागले. रक्त देण्याची सही, श्वासनलिकेला छेद द्यायची सही, हात बांधून ठेवायची सही. प्रत्येक कागदावर 'रुग्णाशी नाते' असा रकाना. 'पत्नी' लिहून लिहून अक्षर बदललं.

बँकेत मात्र ते नातं चाललं नाही. आमचं एक खातं दोघांच्या नावावर, ज्यात होडीचे पैसे येतात ते एकट्या ह्यांच्या. ते बेशुद्ध, मी दारात. शाखेतला माणूस भला होता, पण करणार काय? बेशुद्ध नवऱ्याचं पालकत्व बायकोकडे आपोआप येत नाही. त्यासाठी सरळ असा कायदाच नाही, उच्च न्यायालयात जावं लागतं. केरळच्या उच्च न्यायालयाने 2019 साली अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. मालवणातल्या बाईने त्या वाचून काय करायचं? मी शेवटी माझं सोनं ठेवलं. ज्यांची घरं धड आहेत त्यांना सांगते: खातं 'दोघांपैकी कोणीही' असं करून घ्या. सोमवारी जा.

*

सासूबाईंचा फोन. "कौल घेतल्याबिगर सही करू नको गो."

मोडलेल्या मांडीच्या ऑपरेशनचं विचारत होत्या. डॉक्टर म्हणत होते, मेंदूची सूज उतरली आहे, आज टेबल मोकळं आहे, अर्ध्या तासात सांगा. देवळात कौल लावायचा तर गुरव हवा, तो गणपतीच्या कामाला दुसऱ्या वाडीत गेलेला. मी सही केली आणि सासूबाईंना सांगितलं, कौल मिळाला. कोणाचा ते त्यांनी विचारलं नाही.

गाऱ्हाणं मात्र झालं. गावातल्या मानकऱ्यांनी देवळातून व्हिडिओ कॉल लावला, मी आयसीयूच्या दाराबाहेर फोन धरून उभी. ते एकेक वाक्य म्हणत आणि तिथली चार माणसं "होय महाराजा" म्हणत. इथे बाजूला पेडण्याचा एक म्हातारा बसला होता. त्याची सून आत. तिसऱ्या वाक्यापासून तोही "होय महाराजा" म्हणायला लागला.

मी देवभोळी नाही. पण गाऱ्हाण्यात माणसाचं पूर्ण नाव, त्याचं घर, त्याचा धंदा, सगळं देवाला नीट सांगतात. इस्पितळात ह्यांना खाटेच्या नंबराने ओळखत होते.

*

या इस्पितळाचं मूळ 1842 चं, पोर्तुगीजांच्या वैद्यकीय शाळेत. पणजीत मांडवीकाठच्या जुन्या इमारतीत आता चित्रपट महोत्सव भरतो. आमच्या बाजूच्या कित्येकांचे आजे-पणजे त्याच जुन्या इमारतीत बरे झाले किंवा गेले.

आम्हाला हे इस्पितळ आपलंच वाटत आलं. 2018 च्या सुरुवातीला गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले होते. तेव्हा मला ते लोक बरोबर वाटले होते. आता व्हरांड्यात बसून दुसरी बाजूही दिसते: इथल्या गर्दीत कर भरणारा गोवेकर जमिनीवर झोपलेला असतो आणि त्याच्या शेजारी आम्ही. तो मला सरकून जागा देतो. भांडायचं असेल तर ते पत्रादेवीच्या अलीकडे भांडायला हवं.

श्रीपाद नाईकांची गोष्ट इथे सगळेच सांगतात. 11 जानेवारी 2021 ला अंकोल्याजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला. पत्नी विजयाबाई गेल्या. केंद्रीय मंत्री असलेले नाईक इथेच उपचार घेऊन फेब्रुवारीत घरी परतले. सांगणारे बरं झाल्याचं सांगतात, धीर देण्यासाठी. ऐकणारी बाई असेल तर ती हमखास दुसऱ्या अर्ध्याबद्दल विचारते.

*

रक्त मागितलं तेव्हा मुंबईहून गणपतीसाठी आलेले चाकरमानी उपयोगी पडले. सणाच्या आदल्या आठवड्यात अपघात झाला हेही दैवच म्हणायचं; एरवी वाडीत म्हातारे आणि कुत्रे उरतात. जीप भरून मुलगे आले, रक्त देऊन म्हापशाच्या बाजारात माटवीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीचं, सामान घेऊन परतले.

ह्यांचा गट साधा, बी पॉझिटिव्ह. पण रक्तपेढीत एका कुडाळच्या माणसाची धावपळ पाहिली. त्याच्या बायकोचा 'बॉम्बे' गट. 1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत हा शोधला. पुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे अशी घराणी अधिक सापडली. ओ गटाचं रक्तही या माणसांना चालत नाही, त्याच गटाचं लागतं. फोनवर तो मालवणीत, मराठीत, हिंदीत तेच तेच सांगत होता. सख्ख्या भावंडांत हा गट असण्याचा संभव जास्त, म्हणून तिचा भाऊ पुण्याहून निघाला होता.

*

शुद्ध आली ती सिनेमातल्यासारखी नाही. डोळे उघडले, मला ओळखलं नाही, सिस्टरला शिवी घातली. जन्मात यांच्या तोंडून ऐकली नव्हती अशी. हात बांधले. रात्रभर माणसं मोजत होते: "किती माणसा झाली? बस, आता कोण चढा नको." मालवणच्या किल्ल्यावर माणसं नेणाऱ्या होडीवर ह्यांची उभी हयात गेली. पावसाळ्यात ती फेरी बंद असते, पण त्यांच्या डोक्यात चालू झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, कुठे आहात? "जेटीर आसय. तुमी तिकीट काढलास?"

डॉक्टर म्हणाले, मेंदू जागा होताना असा गोंधळतो, बहुतेकांचा उतरतो. 'बहुतेकांचा' हा शब्द मी रात्री किती बाजूंनी तपासला. माझ्याकडे पाहून "बाई, बसा खाली, होडी हलतली" म्हणाले तेव्हा मी स्टुलावर बसले. वाद घालण्यात काय अर्थ होता.

दोन रात्रींनी मला म्हणाले, "तुझो चष्मो बदललंस?" चष्मा तोच होता, पण तू-तुझं करून बोलले.

*

गणपती चुकवता येत नाही. सुतक असेल तर गोष्ट वेगळी. नवरा आयसीयूत आहे हे कारण शास्त्रात बसत नाही. आमच्या घरी माटवी हेच बांधतात. कवंडळं कुठे, हरणं कुठे, शेरवडं किती, सुपारीची शिपटी मध्ये की कडेला, तवसं कुठल्या कोपऱ्यात, हे सगळं ह्यांच्या डोक्यात. यंदा मुलाने बांधली. फोटो पाठवला. नारळ एका बाजूला जास्त झाल्याने माटवी कलंडलेली. फोटो वॉर्डात ह्यांना दाखवला. बराच वेळ बघितला, मग म्हणाले, "उजव्या हाताक आणखी दोन नारळ बांध म्हणान सांग." डॉक्टरांच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा मला या वाक्याने जास्त पटलं.

*

पेज. उकड्या तांदळाची, दाट, मग गाळून नाकाच्या नळीतून दर दोन तासांनी. नणंद डब्यातून आणते. भेटायला येणारा प्रत्येकजण शहाळं आणतो, शिवाय एका हाडवैद्याचा फोन नंबर. बांगडा खाल्ला की जखम चिघळते, नाही, बांगड्यानेच भरते, यावर दोन मावश्यांचं वाजलं. डॉक्टर म्हणाले प्रथिनं द्या. बांगडा जिंकला.

*

नवऱ्याच्या आजारपणासाठी बायकोला मिळेल अशी रजा नाही. किरकोळ रजा संपली, मग अर्धपगारी. वैद्यकीय रजा मिळते ती मी आजारी पडले तर. मुख्याध्यापकांनी सुचवलं, तसं प्रमाणपत्र आणा. आणलं नाही. खोटेपणाचं काही नाही, रांगेत उभं राहायची ताकद नव्हती.

बिलं परत मिळवायला आणीबाणीचा दाखला, जिल्हा शल्यचिकित्सकांची सही, प्रत्येक औषधाच्या चिठ्ठीवर शिक्का. गाडीच्या विम्यात मालकाच्या नावे 15 लाख असतात, पण ते मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. बरा होणारा माणूस त्यात बसत नाही. मे 2025 पासून केंद्राची योजना आली आहे, अपघातग्रस्ताला सात दिवस, दीड लाखापर्यंत, रोख न भरता. पण त्यात रुग्णालय सामील असावं लागतं, आणि ते त्या रात्री कोण विचारत बसणार?

*

मांडीत सळई आहे. ही पद्धत कुंटशर नावाच्या जर्मन सर्जनने 1939 साली वापरात आणली. हे ऐकून ह्यांना आपल्या मांडीबद्दल आदर वाटायला लागला. गुडघा मात्र वाकत नाही. व्यायाम शिकवणारी मुलगी साखळीची, गोड बोलते आणि अजिबात दया करत नाही. मी बाहेर जाते.

मोटरसायकल पोलीस ठाण्याच्या आवारात पडून आहे. सोडवायला आरसी, विमा, लायसन्स आणि अर्ज लागतो. आता हे घरी आहेत. काल वॉकर धरून पडवीपर्यंत आले, धापा टाकत बसले आणि पहिलं वाक्य:

"गाडी सोडवन हाड."

"कित्याक?"

"पावसात कुजतली."

"कुजान्दे."

"पुढचो पार्ट डिकीत आसा. होडीचो."

तो पार्ट मी विसरलेच होते. उद्या शाळा सुटल्यावर ठाण्यात जाणार आहे. पार्ट आणीन. गाडीचं बघू.