कुणाकडे उतरलात?

बँकेतला कारकून आणि पोस्टाचं पाकीट, दोघांचा पत्ता दुसराच कोणीतरी लिहितो. यंदा माझ्यावर ‘वाई, एप्रिल आणि मे’ असं लिहून आलं. चाळिशी उलटल्यावर परक्या गावात एकट्याने उन्हाळा काढायचा म्हणजे पोटात गोळाच येतो.

पहिल्याच रविवारी ढोल्या गणपतीला निघालो. 1762 साली रास्त्यांनी बांधलेलं देऊळ. मूर्ती इतकी ऐसपैस, की चुकामूक अशक्य. तरी आपलं सवयीने घाटावरच्या एका आजोबांना रस्ता विचारला.

“कुणाकडे उतरलात?”

“खोली घेतलीय. एकटाच आहे.”

“मग घाई कसली?” म्हणत त्यांनी मला पायरीवर बसवलं. ज्या गावात मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, तिथे साधा रस्ता विचारला तरी नोंद ‘अ’पासून सुरू होते! दर्शन झालं ते दिवेलागणीला.

तेव्हापासून बेत आखणं सोडलं. बँक सुटली की पाय नेतील तिकडे. एकदा ते मेणवलीला गेले. तिथे नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर एक भलीमोठी घंटा आहे. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, त्यानंतर आलेली. पोर्तुगीज चर्चमधली घंटा महादेवाच्या शेजारी! बदलीला अडीचशेवर वर्षं झाली, परतीची ऑर्डर नाही. पण आवाजात तक्रार म्हणून नाही.

मेअखेरीस घाटावर एका पाहुण्याने मला ढोल्या गणपतीचा रस्ता विचारला.

“कुणाकडे उतरलात?” म्हणत मी पायरीवर सरकून जागा केली.