न लागलेला दिवा

वडिलांच्या आठवणींची वही २००५ च्या पुरात गेली. त्याआधी मी ती संगणकावर उतरवून ठेवली होती. पण युनिकोडपूर्व फॉन्टमधली ती अक्षरे आजच्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतात. ती नीट दाखवतो केवळ घरातला जुना संगणक, आणि कागदावर उतरवतो त्याला जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर.

गेल्या महिन्यात प्रिंटरचे बटण दाबले, तर हिरवा दिवा लागेना. त्याच सॉकेटवर टेबललॅम्प लागला. वायर बदलूनही उपयोग झाला नाही. एका दुकानदाराने सल्ला दिला, "सर, नवा घ्या." दुसऱ्या एका वयस्क कारागिराने मात्र झाकण उघडले. फ्यूज शाबूत होता. वीजपुरवठ्याच्या सर्किटमधला एक कपॅसिटर फुगला होता. "वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतला द्रव सुकतो," ते म्हणाले. तेवढ्याच क्षमतेचा नवा कपॅसिटर बसवताच दिवा लागला.

त्या रात्री करकरत एकेक ओळ उमटत गेली. एरवी नकोसा वाटणारा तो आवाज मी पहाटेपर्यंत ऐकत बसलो. भाषेच्या भवितव्यावर मी वर्गात तासन् तास बोलतो. वडिलांचे शब्द मात्र बोटाच्या पेराएवढ्या एका सुट्या भागावाचून अडले होते. आता ती पाने युनिकोडमध्ये पुन्हा टंकतो आहे.